पुढील भागात शेवट

दूरचित्रवाणी मालिकेचा शेवट ही मराठी समाजजीवनातील अशी एक घटना आहे की जिची सर्वजण वाट पाहतात, जी प्रत्यक्ष घडल्यावर कोणाच्याच पसंतीस उतरत नाही, आणि जी खरोखर घडली की नाही याबद्दल पुढे कित्येक महिने एकमत होत नाही. या घटनेच्या अभ्यासासाठी सोलापूरची शुक्रवार पेठ अनेक दृष्टींनी सोयीची आहे. जुन्या गावातील या पेठेत घरे एकमेकांना इतकी खेटून उभी आहेत की संध्याकाळी सात ते साडेदहा या वेळात एका घरातील मालिकेचे संवाद दुसऱ्या घरात आणि त्या संवादांवरील टीका तिसऱ्या घरात विनासायास ऐकू जाते, त्यामुळे अभ्यासकाला घरोघरी प्रश्नावली घेऊन फिरावे लागत नाही. शिवाय मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा ज्या शहराच्या कानांवर रोज पडतात, तेथे एकाच कथेचे तीन निरनिराळे शेवट एकाच कट्ट्यावर तपासून घेता येतात, आणि ही सोय पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना उपलब्ध नाही.

शेवटाच्या शास्त्रात दोन संज्ञांची नेहमी गल्लत होते, म्हणून त्या आधीच वेगळ्या केलेल्या बऱ्या. ‘संदिग्ध शेवट’ म्हणजे ज्यात काय घडले हे कर्त्याला ठाऊक असते, किंवा काय सांगायचे नाही हे तरी त्याने विचारपूर्वक ठरवलेले असते, आणि प्रेक्षकाला दोन-तीन शक्यतांच्या मधोमध सोडून तो निघून जातो. ‘अनिर्णित रहस्य’ म्हणजे ज्यात प्रश्न कर्णकर्कश पार्श्वसंगीतात, एकाच चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा नेऊन विचारला जातो आणि पुढे त्याचे काय झाले हे प्रश्न विचारणाऱ्यालाही सांगता येत नाही. विद्यापीठीय समीक्षा पहिल्या प्रकारावर प्रबंध लिहिते आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पेठेतील समीक्षा पहिल्याची नोंद ‘मुद्दाम सांगितलं नाही’ या सदरात आणि दुसऱ्याची ‘इसरले की बे’ या सदरात करते, आणि हे वर्गीकरण अधिक शास्त्रीय म्हटले पाहिजे, कारण त्यात कर्त्याच्या हेतूचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

पहिल्या प्रकाराचे जगन्मान्य उदाहरण म्हणजे ‘द सोप्रानोज’ ही अमेरिकन मालिका. तिचा अखेरचा भाग १० जून २००७ रोजी दाखवला गेला. गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या असलेला नायक न्यू जर्सीतील एका साध्या उपाहारगृहात बायको आणि मुलासह बसलेला आहे, तळलेल्या कांद्याच्या चकत्या टेबलावर आलेल्या आहेत, मुलगी बाहेर गाडी लावण्याच्या खटपटीत आहे, कोणीतरी संशयास्पद माणूस आत-बाहेर करतो आहे, दार उघडते, नायक मान वर करतो आणि पडदा एकाएकी काळा होतो. काही सेकंद आवाजही नाही. नायक मेला की जगला या प्रश्नावर तेव्हापासून जे लिखाण झाले त्याचा ढीग मोठा आहे; परंतु त्या रात्रीची खरी गंमत अशी की असंख्य अमेरिकन प्रेक्षकांनी प्रथम आपली केबलच गेली असे समजून केबल कंपनीला दोष दिला. डेव्हिड चेस या निर्मात्याने घडवलेली ही काळी चौकट पुढे कलेच्या इतिहासात जमा झाली.

आता याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते हे लक्षात घेतले म्हणजे शुक्रवार पेठेला चेस यांच्या प्रतिभेचे विशेष अप्रूप का वाटू नये हे कळते. विजेची मागणी आणि पुरवठा यांतील तूट भागवण्यासाठी ठरावीक भागांचा पुरवठा ठरावीक तास बंद ठेवण्याच्या पद्धतीस सरकारी भाषेत ‘भारनियमन’ आणि इतर सर्व भाषांत ‘लोडशेडिंग’ म्हणतात, आणि त्या दशकात राज्यातील बहुतेक गावांनी ते मनसोक्त भोगले. सासूने पत्र उघडले, वाचून तिच्या हातातून तबक खाली पडले, ‘म्हणजे... तूच?’ असे ती म्हणाली आणि पडदा काळा झाला, हा अनुभव या प्रेक्षकाला कोणत्याही अमेरिकन वाहिनीच्या आधी आणि कितीतरी अधिक वेळा आलेला होता. फरक एवढाच की न्यू जर्सीच्या अंधारात पंखा चालू होता.

या अंधाराने एक प्रेक्षकसंस्था घडवली. दिवे गेल्यावर माणसे ओट्यावर येत आणि सासूच्या हाती आलेले पत्र कोणाचे असावे यावर वीज येईपर्यंत चर्चा चाले. वीज आली की प्रसंग उलटून गेलेला असे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाच्या वेळीही विजेचे पुन्हा तेच असल्यामुळे पत्राचा मजकूर कित्येकांना कायमचाच अज्ञात राहिला. परंतु त्याने कोणाचे काही अडले नाही, कारण तोपर्यंत पत्राचा लेखक बहुमताने ठरलेला होता. मूळ भागात काही वेगळे निघालेच, तर चूक मालिकेची धरली जाई.

पेठेच्या नावातील वारासही या विषयात स्थान आहे. मालिका आठवड्यातून पाच दिवस चालत त्या काळात शुक्रवारचा भाग प्रेक्षकाला शनिवार-रविवार लटकत ठेवील अशा प्रसंगावर तोडला जाई. पुढे मालिका सहा दिवसांच्या झाल्या आणि हे लटकणे शनिवारवर गेले, तरी या कलेचा मूळ वार शुक्रवारच, याला सातासमुद्रापारचा पुरावा आहे. ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेत जे. आर. यूइंग या खलनायकी तेलसम्राटावर अज्ञात व्यक्तीने गोळी झाडली तो २१ मार्च १९८० हा दिवस शुक्रवार होता, आणि गोळी कोणी झाडली हे सांगणारा भाग आला तो २१ नोव्हेंबर १९८० हाही शुक्रवारच. मधले आठ महिने, ज्यांत कलाकारांच्या संपामुळे प्रतीक्षा आणखी लांबली, निम्मे जग हा प्रश्न विचारत होते. उत्तर निघाले: मेहुणी. शुक्रवार पेठेतील कोणत्याही अनुभवी प्रेक्षकाला नात्यागोत्याचा तक्ता दाखवला असता तर हे उत्तर चहा उकळेपर्यंत मिळाले असते.

मराठी मालिकांत रहस्य अनिर्णित राहण्याचे कारण मात्र बहुधा कलात्मक नसते; ते आठवड्याच्या वेळापत्रकात दडलेले असते. कोणती मालिका किती पाहिली गेली याचा अंदाज देणाऱ्या आकड्यास ‘टीआरपी’ म्हणतात. देशभरातील निवडक घरांत बसवलेल्या यंत्रांवरून तो काढला जातो आणि २०१५ पासून हे काम ‘बार्क’ ही संस्था करते. आकडे गुरुवारी येतात. म्हणजे बुधवारपर्यंत जी विषकन्या होती ती आकडे चांगले आल्यास शुक्रवारी जुळी बहीण होते, आणि वाईट आल्यास तिला अमेरिकेला पाठवण्यात येते, जेथून मराठी मालिकेतील पात्र केवळ टीआरपी सुधारल्यावर परत येते. एखाद्या कथेचा शेवट लेखकाला माहीत असण्यासाठी कथा त्याच्या ताब्यात असावी लागते. येथे तर ती त्या निवडक घरांच्या ताब्यात असते आणि ती घरे कोणती हे नियमानेच गुप्त ठेवले जाते. त्यामुळे पेठेत असे एखादे यंत्र आहे काय, असल्यास कोणाकडे, आणि अमुक मालिका तीन वर्षे रेंगाळली ती त्याच घरामुळे काय, हे एक स्वतंत्र रहस्य होऊन बसले आहे. संशय साधारणपणे ज्या घरात दिवसभर दूरचित्रवाणी चालू असते त्या घरावर असतो, म्हणजे सर्वांचा सर्वांवर असतो.

‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचा विचार केल्याशिवाय या विषयाला हात घालणे अशास्त्रीय ठरेल. कोकणातील नाईकांच्या वाड्याभोवती फिरणारी ही कथा झी मराठीवर २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिचे पहिले पर्व संपले. त्या पर्वाच्या आरंभीच घरातील कर्ते पुरुष अण्णा नाईक निवर्ततात आणि त्यांच्या मागे भुताटकी म्हणावी की कारस्थान, अशा घटनांची रांग लागते. रहस्यकथेचा साधा नियम असा की प्रश्न आधी आणि उत्तर नंतर. या मालिकेने २०१९ मध्ये दुसरे पर्व काढले ते पहिल्याच्या आधीच्या काळातील, ज्यात अण्णा हयात आहेत, त्यांची प्रेयसी शेवंता आहे, आणि प्रेक्षक पुढे काय होणार हे पूर्ण माहीत असूनही श्वास रोखून बसलेला आहे. २०२१ मध्ये तिसरे पर्व आले आणि त्यात अण्णा भूत होऊन परतले. एक मनुष्य आधी मेलेला, मग जिवंत, मग भूत, या क्रमाने भेटण्याचे भाग्य पुराणकाळानंतर प्रथमच मराठी माणसाच्या वाट्याला आले.

या मालिकेतील पांडू नावाच्या विसराळू गड्याचे ‘इसरलंय’ हे पालुपद घराघरांत पोचले. ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर हेच मालिकेच्या लेखनातही होते. विसरणारा आणि लिहिणारा एकच असणे हे या व्यवसायाचे इतके प्रांजळ चित्र आहे की त्याला विनोद म्हणावे की निवेदन, हे ठरवणे अवघड जाते.

‘असंभव’ या मालिकेने (२००७ ते २००९) पुनर्जन्माचा विषय घेऊन या क्षेत्रात आधीच मोलाची भर घातली होती. तिच्यातील शुभ्राची भूमिका आरंभी मानसी साळवी यांनी केली आणि पुढे तीच भूमिका ऊर्मिला कानेटकर यांच्याकडे आली. इतर मालिकांत चेहरा असा बदलला की अपघात, पट्ट्या आणि शस्त्रक्रिया यांची योजना करावी लागते. येथे कथाच आत्म्याने शरीर बदलण्याची असल्यामुळे प्रेक्षकाने ते तत्त्वज्ञानाच्या सोयीने पचवले. बदललेल्या चेहऱ्याइतकाच गूढ असतो तो ‘लीप’, म्हणजे कथेने रात्रीतून पाच, सात किंवा वीस वर्षे पुढे मारलेली उडी. तिच्यात मुले तरुण होतात, आयांचा एकही केस पिकत नाही, आणि उडीपूर्वी दाराशी उभ्या असलेल्या पोलिसांना आत कोणी घेतले का हे कधीच कळत नाही. ‘ट्विन पीक्स’ ही डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची मालिका १९९१ मध्ये नायकाला भलत्याच संकटात सोडून थांबली आणि २०१७ मध्ये परतून जेव्हा पुन्हा संपली, तेव्हा तिचा नायक रस्त्यावर गोंधळून उभा राहून हे कोणते वर्ष आहे असे विचारतो. पाश्चात्त्य समीक्षकांना या प्रश्नात काळाच्या स्वरूपाविषयीचे गहन चिंतन आढळले. शुक्रवार पेठेत हाच प्रश्न दर लीपनंतरच्या सोमवारी स्वयंपाकघरातून विचारला जातो आणि त्याचे उत्तर, ‘भाकरी करपतीय, ते बघा आधी’, असे मिळते.

‘ट्विन पीक्स’ची आणखी एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. लॉरा पामर या मुलीचा खून कोणी केला हे सांगण्याचा तिच्या कर्त्यांचा मानस नव्हता. वाहिनीने आग्रह धरला, १९९० मध्ये खुनी उघड झाला, आणि प्रेक्षक पांगले. उत्तर हवे हवे म्हणणाऱ्या माणसाला उत्तर दिले की तो उठून जातो, हे वाहिन्यांनी तेव्हापासून पाठ केले असावे.

सोलापूरचा स्वतःचा असा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. शहराच्या पूर्वभागात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग आणि यंत्रमागावर काम करणारा पद्मशाली समाज तेलुगू बोलतो, तेलुगू वाहिन्या पाहतो आणि कामधंद्याच्या निमित्ताने पेठांतून रोज ये-जा करतो. ‘करुतमुत्तु’ ही २०१४ सालची मल्याळी मालिका २०१७ मध्ये तेलुगूत ‘कार्तिक दीपम’ झाली आणि २०१९ च्या ऑक्टोबरात मराठीत ‘रंग माझा वेगळा’ झाली. याचा अर्थ दीपा आणि कार्तिक यांच्या संसारात जे काही भयंकर घडणार होते ते पूर्वभागाला शुक्रवार पेठेच्या आधी दोन वर्षे ठाऊक होते. मुंबईच्या प्रेक्षकापासून राखलेले गुपित येथे साडीच्या दुकानात मापे घेता घेता फुटत असे, आणि ज्याला पुढचे माहीत आहे अशा तेलुगू शेजारणीला या काळात अचानक मोठा मान मिळाला. तिला घरी बोलावून, शेंगाचटणी पुढे ठेवून, ‘अक्का, शेवटी तो तिला मानतो का ओ?’ असे विचारले जाई. अक्का बहुधा पूर्ण सांगत नसे. संदिग्धतेचे मूल्य तिला बरोबर कळलेले होते.

या कथेच्या मध्यभागी असलेले रहस्य पाहिले म्हणजे तर थक्क व्हायला होते. नायक पेशाने डॉक्टर आहे. पत्नीच्या पोटचे मूल आपले नाही असा त्याचा ग्रह झालेला आहे. रक्ताचे नाते पारखणारी डीएनए चाचणी उपलब्ध आहे, तिचा निकाल यायला फार दिवस लागत नाहीत, आणि ती कोठे करतात हे नायकाइतके चांगले दुसऱ्या कोणाला माहीत असण्याचे कारण नाही. तरीही एका नमुन्यात सुटण्यासारखा हा प्रश्न दोन्ही भाषांत वर्षानुवर्षे भिजत पडतो. तात्त्विक दृष्ट्या यास संदिग्धता म्हणता येत नाही, अनिर्णित रहस्यही म्हणता येत नाही. ज्याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि केवळ कथेतील माणसांनी ते विचारायचे टाळले आहे, अशा या तिसऱ्या प्रकाराला शास्त्रात अद्याप नाव नाही. तेलुगू मालिका २०२३ च्या जानेवारीत संपली तेव्हा पूर्वभागाने सुटकेचा निःश्वास टाकला. २०२४ मध्ये ‘कार्तिक दीपम’चा दुसरा अवतार आला.

यावरून पेठेतील प्रेक्षकाला धक्का हवा असतो असे मात्र समजू नये. या शहरात दरवर्षी जानेवारीत, भोगीच्या दिवशी, सिद्धेश्वर मंदिराशेजारच्या संमती कट्ट्यापाशी एक लग्न लागते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येस त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, अशी ही कथा आहे. तिच्या स्मरणार्थ सात नंदीध्वज मिरवत येतात, पांढऱ्या बाराबंदीतील माणसांनी रस्ता भरून जातो, संमती वाचली जाते आणि अक्षता पडतात. पात्रे तीच, प्रसंग तोच, शेवट तोच, आणि पुढे काय होणार हे लहान पोरालाही पाठ, तरी गर्दी हटत नाही. नवरा कोण आणि नवरी कोण याबद्दल आठशे वर्षांत एकदाही लीप घ्यावा लागलेला नाही. अशा परंपरेत वाढलेला माणूस शेवट आधी कळला म्हणून रुसत नाही; शेवट लावण्याची जबाबदारी कोणी घेतलीच नाही म्हणून रुसतो.

खऱ्या संदिग्ध शेवटाशीही या माणसाचे वैर नाही, आणि याचा पुरावा याच जिल्ह्यातला आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट २०१४ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीस डुक्कर धरायला लावलेला, साऱ्या गावापुढे हसे झालेला जब्या दगड भिरकावतो, तो दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. पुढे त्या मुलाचे काय झाले, गावाने काय केले, यातले काहीही सांगितले जात नाही. सोप्रानोंच्या आणि जब्याच्या अंधारात तांत्रिक दृष्ट्या फारसा फरक नाही, पण जब्याच्या अंधारात केबलवाल्याला फोन करावा असे कोणाला वाटले नाही. दगड कोणासाठी होता हे थिएटरात बसलेल्यांना कळले होते.

मालिकांचेही शेवट नीट लागत नाहीत असे नाही. २०१७ मध्ये झी युवावर मुक्ता बर्वे यांची ‘रुद्रम’ ही मालिका मोजक्या भागांत, धरलेला धागा न सोडता, काही महिन्यांत पूर्ण झाली. पेठेत तिचे कौतुक झाले, परंतु ते थोडेसे अवघडलेले होते. संपलेल्या मालिकेविषयी रोज संध्याकाळी काय बोलायचे हा प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला. एरवी शेवट म्हणजे रविवारचा ‘महाएपिसोड’, म्हणजे जाहिरातींसह दोन-दोन तास चालणारा तो भाग, ज्यात तीन वर्षांचे गैरसमज अर्ध्या तासात दूर होतात, खलनायिका दोन वाक्यांत सुधारते, सर्व पात्रे एका चौकटीत उभी राहून हसतात, आणि त्या चौकटीत हरवलेला काका, तुरुंगातला दीर आणि लीपपूर्वी अमेरिकेला गेलेली नणंद कोठेच नसतात. या तिघांची चौकशी पेठेत पुढे चालू राहते. त्यांच्यापैकी एखाद्याचा नट दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या नव्या मालिकेत वकील म्हणून उभा राहिला, तर ‘हा इथं आलाय व्हय!’ असे म्हणून ती फाइल बंद केली जाते.

सातारा जिल्ह्यातील खुनांच्या एका खऱ्या प्रकरणावर बेतलेली ‘देवमाणूस’ ही मालिका या सर्व प्रवृत्तींचा संगम मानावी लागेल. ऑगस्ट २०२० मध्ये ती सुरू झाली, पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टला तिचे पहिले पर्व संपले, आणि त्याच डिसेंबरात दुसरे पर्व येऊन पहिल्याचा शेवट हा शेवट नव्हता असे सिद्ध झाले. दुसरेही संपले. त्यानंतर २०२५ च्या जूनमध्ये तिसरी मालिका आली तिचे नाव ‘देवमाणूस – मधला अध्याय’. आदि आणि अंत पाहून झाल्यावर मध्य दाखवण्याच्या या योजनेने रहस्य उरणार तरी कसे, अशी शंका समीक्षकांना येणे साहजिक आहे. शुक्रवार पेठेने पहिल्याच आठवड्यात आधीच्या दोन्ही पर्वांतील माणसे आठवून, दुसऱ्या पर्वात जी जिवंत दिसली होती ती आता काही केल्या मरू शकत नाहीत म्हणून बाजूला काढली, आणि उरलेल्यांपैकी आधी कोण जाणार यावर चहाच्या पैजा लावल्या.